कार्डिनल पदाचा इतिहास सांगणारी रोममधील पदभ्रमंती : एक परीक्षण

रोममध्ये मार्गदर्शकासह पायी हिंडण्याच्या सहली पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेक कोलोसियम, व्हॅटिकनची संग्रहालये आणि प्रसिद्ध कारंजी यांच्यापलीकडे जात नाहीत. ज्या सहलीविषयी येथे लिहीत आहे ती मात्र कॅथलिक ख्रिस्तसभेतील ‘कार्डिनल’ हे पद कोठून आले, ते मुळात कोणाला मिळत असे आणि त्याला आजचे रूप कसे आले, एवढाच एक धागा धरून आव्हेंटाइन टेकडीवरील सांता साबिना या चर्चपासून लॅटरन बॅसिलिकापर्यंत चालत जाते. गट लहान असतो, निवेदन इंग्रजीतून होते, कानाला लावायला हेडफोन मिळतात आणि सोबत एक घडीची माहितीपत्रिका दिली जाते. सहलीचा पहिला अर्धा भाग इतका उत्तम आहे की रोममध्ये एकच सहल करायची असेल तर हीच करावी, असे मी कोणालाही सांगेन. शेवटचा टप्पा मात्र घाईत उरकला जातो, आणि नेमका तोच टप्पा या पदाच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक भाग आहे.

कार्डिनल म्हटले की लाल झगा, लाल टोपी आणि पोपची निवड करणारे बंद दालन, एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. हे पद जणू वरून, पोपच्या दरबारातून खाली आले अशी समजूत त्यातून होते. प्रत्यक्षात ते खालून वर गेलेले आहे. रोम शहरातील धर्मग्रामांचे (पॅरिशांचे) धर्मगुरू, गरिबांच्या मदतीचे काम पाहणारे डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक) आणि रोमच्या आसपासच्या लहान धर्मप्रांतांचे बिशप हे या पदाचे तीन मूळ झरे होत, आणि कार्डिनल-बिशप, कार्डिनल-प्रीस्ट व कार्डिनल-डीकन या तीन श्रेणी आजही त्याच तीन झऱ्यांची आठवण ठेवून आहेत. सहलीची आखणी करणाऱ्यांना हे नीट उमगलेले आहे, कारण त्यांनी दरबारी वास्तू बाजूला ठेवून आधी धर्मग्राम आणि मग मदतकेंद्र दाखवायचे ठरवले.

सांता साबिनामध्ये आत शिरल्यावर मार्गदर्शिका गटाला वेदीकडे नेत नाहीत. मागे वळून दारावरची भिंत पाहायला सांगतात. त्या भिंतीवर निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरांत पाचव्या शतकातला मोझेइक शिलालेख आहे. दोन्ही टोकांना दोन स्त्रिया उभ्या आहेत : एक यहुद्यांतून आलेल्या ख्रिस्तसभेची आणि दुसरी इतर लोकांतून आलेल्या ख्रिस्तसभेची प्रतीक. मार्गदर्शिकांनी विजेरीचा झोत एकेका शब्दावर नेत तो लेख वाचून दाखवला. पोप सेलेस्टीन हे रोमच्या आसनावर असताना, म्हणजे ४२२ ते ४३२ या काळात, इलिरियन (बाल्कन प्रदेशातील) वंशाच्या पीटर नावाच्या एका धर्मगुरूने हे चर्च उभारले, असे त्यात म्हटले आहे. या पीटरला लेखात ‘नगराचा धर्मगुरू’ म्हटले असून तो गरिबांसाठी श्रीमंत आणि स्वतःसाठी गरीब होता, अशी त्याची स्तुती केली आहे. कार्डिनल हे बिरूद तेव्हा त्याच्या नावामागे नव्हते, तरीही पुढे ज्यांना कार्डिनल-प्रीस्ट म्हटले जाऊ लागले त्यांचा हा पूर्वज आहे, हे त्या भिंतीखाली उभे राहिल्यावर सहज पटते. झोत ‘नगराचा’ या शब्दावर थोडा वेळ स्थिर ठेवून मार्गदर्शिका गप्प राहिल्या, आणि मला वाटते ते योग्यच होते.

अशा चर्चांना त्या काळी ‘तितुलुस’ म्हणत. मालकाचे नाव लिहिलेली पाटी हा त्याचा मूळ अर्थ, आणि अनेक चर्चांना त्यांच्या संस्थापकांची किंवा जागामालकांची नावे होती. पोप सिमाकस यांनी ४९९ मध्ये भरवलेल्या रोमच्या धर्मसभेत उपस्थित धर्मगुरूंनी सह्या करताना आपल्या नावापुढे आपापल्या तितुलुसचे नाव लिहिले, आणि तीच यादी आज या संस्थेच्या इतिहासाचा एक पायाभूत दस्तऐवज मानली जाते. पोप थोरले ग्रेगरी यांच्या काळातील ५९५ च्या यादीत त्याच नावांमागे ‘संत’ हा शब्द लागलेला दिसतो. जागामालकांची नावे शंभर वर्षांत संतांची नावे होऊन गेली होती. माहितीपत्रिकेत हे दोन कालखंड शेजारी-शेजारी छापले आहेत आणि तुलना करायला ती मांडणी फार उपयोगी पडते. आजही प्रत्येक कार्डिनल-प्रीस्टला, तो जगाच्या कोणत्याही टोकाचा असो, रोममधले एक चर्च नावापुरते का होईना, पण औपचारिकपणे दिले जाते. दर्शनी भागावर पोपच्या राजचिन्हाशेजारी त्या कार्डिनलचे चिन्ह लावलेले असते आणि त्यात लाल टोपीखाली दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गोंडे असतात. हे गोंडे मोजायची सवय एकदा लागली की रोमच्या रस्त्यांतून चालणे फार वेगळे होते.

पदाच्या नावाच्या उगमाबाबत मात्र मार्गदर्शिकांनी सोपी वाट धरली. लॅटिनमधील ‘कार्दो’ म्हणजे बिजागरी. दार जसे बिजागरीवर फिरते तशी ख्रिस्तसभा कार्डिनलांवर फिरते, असे त्यांनी सांगितले आणि विषय संपवला. हे स्पष्टीकरण जुने आहे खरे. पोप नववे लिओ यांच्या नावाने १०५४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे पेट्रिआर्क, म्हणजे तेथील ख्रिस्तसभेचे प्रमुख, मायकेल सेरुलेरियस यांना गेलेल्या पत्रात ते आढळते. पण शब्द त्याआधी काही शतके वापरात होता आणि त्याचा कायदेशीर अर्थ अधिक साधा होता. थोरल्या ग्रेगरींच्या पत्रांत, लोम्बार्ड या जर्मानिक लोकांच्या आक्रमणांमुळे आपले धर्मप्रांत गमावलेल्या बिशपांना दुसऱ्या चर्चशी कायमचे जोडून देण्याच्या संदर्भात हा शब्द येतो : एका ठिकाणी दीक्षित झालेला माणूस दुसऱ्या ठिकाणी घट्ट बसवणे, असा त्याचा भाव आहे. रोमच्या तितुलुसांचे धर्मगुरू आपले धर्मग्राम सांभाळून संत पीटर, संत पॉल आणि संत लॉरेन्स यांच्या बॅसिलिकांत आळीपाळीने उपासना चालवत, आणि अशा दुहेरी नेमणुकीमुळे त्यांना कार्डिनल म्हटले गेले, असे या विषयाचे अनेक अभ्यासक मानतात. बाराव्या शतकात तितुलुस अठ्ठावीस होते आणि सांता मारिया माज्जोरे धरून चार बॅसिलिकांना प्रत्येकी सात अशी वाटणी होती, हेही त्याच्याशी जुळते. बिजागरीची उपमा पोपच्या सत्तेचा विस्तार झाल्यानंतर जास्त शोभू लागली. साबिनाच्या शिलालेखावर एवढा वेळ देणाऱ्या सहलीने हा भाग दोन वाक्यांत गुंडाळावा, याची मला खरोखर हळहळ वाटली.

टेकडी उतरून पुढचा थांबा सांता मारिया इन कॉस्मेदिन. या चर्चच्या ओवरीत ‘सत्याचे मुख’ नावाचा दगडी चेहरा आहे आणि त्यात हात घालून छायाचित्र काढण्यासाठी बाहेर लांब रांग असते. आमच्या गटातील काहींनी रांगेत उभे राहण्याचा आग्रह धरला आणि मार्गदर्शिकांनी तो मानला. त्यात गेलेला वेळ पुढे लॅटरनच्या वाट्यातून कापला गेला. सहल विषयाला वाहिलेली आहे, हे आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट करून हा थांबा रांगेविना ठेवायला हवा. त्याच ओवरीच्या भिंतीत आठव्या शतकातला दुसरा एक दगड बसवलेला आहे आणि रांगेतले जवळपास कोणीही त्याच्याकडे पाहत नाही. युस्टेथियस नावाच्या सरदाराने या चर्चच्या मदतकेंद्राला दिलेल्या जमिनी आणि द्राक्षमळे यांची त्यावर नोंद आहे, आणि हे दान ख्रिस्ताच्या गरिबांच्या व तेथे सेवा करणाऱ्यांच्या पोषणासाठी आहे, असा हेतू सांगितला आहे. दाटीवाटीने कोरलेल्या, रुंदी पुरत नाही म्हणून मध्येच आखडलेल्या त्या अक्षरांत ‘गरीब’ हा शब्द शोधून दाखवण्याचे काम मार्गदर्शिकांनी मनापासून केले.

अशा केंद्रांना ‘दियाकोनिया’ म्हणत. रोमन साम्राज्याची धान्यवाटपाची व्यवस्था ढासळल्यानंतर अन्नवाटप, आजाऱ्यांची आणि यात्रेकरूंची सोय हे काम सातव्या-आठव्या शतकांत या केंद्रांनी उचलले, आणि पोप पहिले हेड्रियन यांच्या कारकिर्दीत, ७७२ ते ७९५ या काळात, त्यांची संख्या अठरापर्यंत गेली. डीकन मात्र त्याहून जुने. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपासाठी सात जणांची निवड होते, त्या प्रसंगाकडे ख्रिस्तसभा या सेवेचे मूळ म्हणून पाहत आली आहे. आणि तिसऱ्या शतकात पोप फॅबियन यांनी रोम शहराचे विभाग सात डीकनांमध्ये वाटून दिले, अशी परंपरेची नोंद आहे. शहराच्या विभागांचे डीकन आणि ही मदतकेंद्रे यांची सांगड बरीच उशिरा, अकराव्या शतकाच्या शेवटी आणि बाराव्यात, पडली व त्यातून कार्डिनल-डीकन ही श्रेणी स्थिरावली. आज जगातील एका अत्यंत प्रतिष्ठित मंडळात बसणाऱ्या माणसाचे पद शिधावाटपाच्या जागेवरून ओळखले जाते, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त भावते.

तेथून काही पावलांवर सान जॉर्जिओ इन वेलाब्रो हे छोटे चर्च आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटात त्याची ओवरी कोसळली होती आणि ती पुन्हा उभारली गेली. इंग्लिश धर्मशास्त्रज्ञ जॉन हेन्री न्यूमन यांना १८७९ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कार्डिनल केले तेव्हा याच चर्चचे डीकनपद त्यांना दिले. न्यूमन कधीच बिशप झाले नाहीत, आणि तेव्हा तसा नियमही नव्हता. १८९९ मध्ये निवर्तलेले तेओदोल्फो मेर्तेल हे तर धर्मगुरूही नव्हते. ते डीकनच्या दीक्षेपर्यंतच गेले आणि धर्मगुरू न झालेले शेवटचे कार्डिनल ठरले. कार्डिनल निदान धर्मगुरू असावा हा नियम १९१७ च्या धर्मसंहितेत आला, आणि सर्व कार्डिनलांना बिशपची दीक्षा मिळावी असे तेविसावे जॉन यांनी १९६२ मध्ये ठरवले. मार्गदर्शिकांनी येथे एक चांगली जोड दिली : नव्या पोपचे नाव संत पीटरच्या सज्जातून जगाला सांगण्याचा मान आजही ज्येष्ठ कार्डिनल-डीकनचाच आहे, आणि ८ मे २०२५ रोजी चौदावे लिओ यांचे नाव कार्डिनल दोमिनिक माम्बेर्ती यांनी सांगितले ते त्याच नात्याने.

सान क्लेमेंते हा सहलीचा शिखरबिंदू ठरतो. वरचे चर्च बाराव्या शतकातले, त्याच्या खाली चौथ्या शतकातले, आणि त्याहीखाली पहिल्या शतकातील इमारती व मिथ्र देवतेचे उपासनागृह, असे तीन थर तेथे आहेत. जोसेफ मुलूली या आयरिश डोमिनिकन धर्मगुरूने १८५७ पासून केलेल्या उत्खननामुळे खालचे चर्च पुन्हा उजेडात आले. खाली उतरण्याचे तिकीट वेगळे पडते आणि ते सहलीच्या शुल्कात धरलेले नाही. शुल्क इतर सहलींपेक्षा जास्त असताना ही बाब आरक्षणाच्या पानावर ठळकपणे सांगितलेली नाही, ही गैरसोय नोंदवणे भाग आहे. उतरणे मात्र चुकवू नये. या तितुलुसचा मर्क्युरियस नावाचा धर्मगुरू ५३३ मध्ये पोप झाला, आणि रोमन देवतेचे नाव पोपला शोभणार नाही म्हणून त्याने दुसरे जॉन हे नाव घेतले. नाव बदलणारा तो पहिला पोप. वरच्या चर्चमध्ये गायकवृंदाभोवती जे संगमरवरी कठडे आहेत ते सहाव्या शतकातले असून खालच्या चर्चमधून वर आणलेले आहेत, आणि त्यांवर पानांच्या गोल वेलीच्या मधोमध त्याच्या नवीन नावाची अक्षरे एकात एक गुंतवून कोरलेली आहेत. जवळ जाऊन पाहिले तर काही अक्षरांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, तर वेलीच्या पानांतल्या शिरा अजून धारदार आहेत. साडेपाचशे वर्षांनी, १०९९ मध्ये, याच चर्चचा कार्डिनल रेनेरियस हा दुसरा पास्कल या नावाने पोप झाला आणि त्याची निवडही येथेच झाली. एका धर्मग्रामाचा धर्मगुरू ते पोपच्या निवडीचा केंद्रबिंदू हा प्रवास एकाच छताखाली, किंवा खरे तर एकावर एक अशा दोन छतांखाली, येथे दिसतो.

आणि मग लॅटरन. रोमच्या बिशपचे, म्हणजे पोपचे, अधिकृत आसन असलेले हे चर्च. कार्डिनल पदाला राजकीय वजन आले ते येथे. ७६७ मध्ये नेपीच्या तोतो या सरदाराने आपला भाऊ कॉन्स्टंटाइन, जो दीक्षितसुद्धा नव्हता, त्याला थोड्याच दिवसांत सगळ्या दीक्षा देववून पोपच्या आसनावर बसवले. त्याला हटवल्यानंतर तिसरे स्टीफन यांनी ७६९ मध्ये लॅटरनमध्ये धर्मसभा घेतली आणि पुढे कार्डिनल-प्रीस्ट किंवा कार्डिनल-डीकन यांच्यातूनच पोप निवडला जाईल असे ठरवले. ओस्तिया, पोर्तो, अल्बानो, पालेस्त्रिना अशा रोमलगतच्या धर्मप्रांतांचे सात बिशप लॅटरनच्या वेदीवर आठवड्याच्या पाळीने उपासना चालवत. त्यांच्यातून कार्डिनल-बिशप ही सर्वोच्च श्रेणी घडली. दुसरे निकोलस यांनी १०५९ च्या लॅटरन सभेत पोपच्या निवडीचा पुढाकार या बिशपांकडे सोपवला. इतर कार्डिनलांनी त्यानंतर सामील व्हायचे आणि उरलेल्या धर्मगुरुवर्गाने व लोकांनी संमती द्यायची, असा क्रम घातला गेला. सरदार घराण्यांच्या हातातून निवड काढून घेण्याचा हा प्रयत्न होता. ११५९ मध्ये पुन्हा एकाच वेळी दोन पोप निवडले जाऊन फूट पडली, आणि त्या अनुभवावरून तिसरे अलेक्झांडर यांनी ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेत तिन्ही श्रेणींच्या कार्डिनलांचे मत समान ठरवून दोन तृतीयांश बहुमताची अट घातली. आजच्या निवडपद्धतीचा कणा तोच आहे.

हा सगळा भाग आमच्या सहलीत काही मिनिटांत आटोपला. ७६९ चा उल्लेख झालाच नाही, १०५९ फक्त एक साल म्हणून आले, आणि गटाचे लक्ष मध्यवर्ती दालनातील प्रेषितांच्या प्रचंड पुतळ्यांकडे लागलेले होते. मार्गदर्शिकांचा अभ्यास कमी पडला असे मुळीच नाही, कारण विचारल्यावर त्यांनी कॉन्स्टंटाइनची हकीकत तपशीलवार सांगितली. दोष वेळापत्रकाचा आहे. कार्डिनल-बिशपांचे महत्त्व कळायला ताजे उदाहरणही हाताशी होते : रॉबर्ट प्रीव्होस्ट २०२३ मध्ये सांता मोनिका चर्चचे कार्डिनल-डीकन झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांना अल्बानोच्या कार्डिनल-बिशपपदावर बढती मिळाली आणि मे महिन्यात ते चौदावे लिओ म्हणून निवडले गेले. दोन श्रेणी एका माणसाच्या दोन वर्षांच्या काळात दिसल्या असत्या.

माहितीपत्रिकेच्या मागील बाजूस टोपी, पोशाख आणि संख्या यांची माहिती आहे. चौथे इनोसंट यांनी १२४५ च्या सुमारास लाल टोपी दिली हे बरोबर आहे, पण संपूर्ण लाल पोशाखही तेव्हाच आला असा समज पत्रिकेतील वाक्यरचनेमुळे होतो आणि तो दुरुस्त करायला हवा. लाल बिरेट्टा, म्हणजे चौकोनी टोपी, पंधराव्या शतकात दुसरे पॉल यांच्या काळातली आहे. संख्येचा भाग नेटका आहे : पाचवे सिक्स्टस यांनी १५८६ मध्ये बायबलमधील मोशेच्या सत्तर वडीलधाऱ्यांच्या आदर्शावर सत्तरची मर्यादा घातली, तेविसाव्या जॉन यांनी ती ओलांडली, सहावे पॉल यांनी ऐंशी वर्षांवरील कार्डिनलांचा मताधिकार काढला आणि मतदारांची मर्यादा १२० केली, २०२५ च्या निवडीत मात्र १३३ जणांनी मतदान केले. रोमबाहेरच्या कार्डिनलांबद्दल पत्रिकेत काहीच नाही. मिलान, रावेन्ना, सान्तियागो दे कोम्पोस्तेला अशा ठिकाणच्या मोठ्या चर्चांतही कार्डिनल म्हणवणारे धर्मगुरू होते आणि ते बिरूद फक्त रोमच्या कार्डिनलांपुरते राखून ठेवण्याचा आदेश पाचवे पायस यांनी १५६७ मध्ये काढला, एवढे एक वाक्य घातले असते तरी पद मुळात किती व्यापक होते हे वाचकाला समजले असते.

भारतातून गेलेल्या पर्यटकाने सहलीनंतर व्हिया देल कोर्सोवरील सांता मारिया इन व्हिया लाता हे जुने दियाकोनिया-चर्च स्वतःहून पाहावे. १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झालेले मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस यांना हेच चर्च मिळाले होते. त्यांच्यानंतरच्या मुंबईच्या कार्डिनलांची चर्चे शहराच्या कडेला आहेत : सायमन पिमेंटा यांचे तोर्रे स्पाकातामध्ये, ऑस्वल्ड ग्रेशस यांचे कोर्व्हिआले या अवाढव्य गृहसंकुलाच्या वस्तीत. जुनी तितुलुसे अपुरी पडू लागल्यावर विसाव्या शतकात नव्या उपनगरांतली धर्मग्रामे या यादीत आली, आणि आजच्या धर्मसंहितेनुसार कार्डिनलला आपल्या चर्चच्या कारभारात अधिकार नसतो, फक्त सल्ल्याने व आश्रयाने त्याचे भले करावे अशी अपेक्षा असते. आयोजकांनी कॉस्मेदिनची रांग वगळून वाचलेला वेळ लॅटरनला द्यावा आणि ज्यांना हवे त्यांच्यासाठी कोर्व्हिआलेचा एक वेगळा अर्धा दिवस ठेवावा. दुपारी रोममधली अनेक चर्चे काही तास बंद असतात, त्यामुळे आरक्षण सकाळच्या पहिल्या फेरीचेच करावे.